पांढरं म्हणजे जवळ

१

नवीन प्लगइन दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला शर्यतीच्या घोड्यांचा, मला हा. फोटो एडिट करायच्या मूळ प्रोग्रॅममध्ये काही कमी असतं अशातला भाग नाही, पण त्याला जोडायचं एखादं पिल्लू कुणी फुकट वापरून बघायला दिलं, की ते उतरवून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. आकाश बदलणारं, सुरकुत्या घालवणारं, जुन्या फिल्मसारखा दाणा आणणारं, सगळी वापरून झाली. बायको म्हणते, तुझे फोटो कमी आणि त्यांच्यावरचे प्रयोगच जास्त. खरं आहे. फोटो बरे येत नाहीत म्हणून तर प्रयोग करावे लागतात.

पोटापाण्यासाठी मी दात बनवतो. डेंटिस्ट नाही हो. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून त्यावर कवळ्या आणि कॅपा बनवणारी एक लॅब आहे, तिथे मी कामाला आहे. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. म्हणजे डोळे आणि दात ही दोन्ही खाती आमच्याच घरात. कान तेवढे बिचारे उरले होते, आणि त्यांचा सगळा भार मुलीनं उचलला होता. मुलगी सात वर्षांची. उठल्यापासून तिची टकळी जी सुरू होते ती झोपेतसुद्धा थांबत नाही, म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो.

आयुष्यात माझा एकच फोटो साधला, तो हिचा. वाढदिवसाचा. पुढचा वरचा दात नुकताच पडलेला, मान किंचित डावीकडे, आणि असं हसू की बघणाऱ्याला आपोआप हसायला यावं. तो मोठा करून, फ्रेम करून मी हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावला. त्यानंतर त्या जागी नवा दात अर्धा वर आला, करवतीसारख्या काठाचा, जसा कायमचा दात नवा असताना असतो. घरी येणारा प्रत्येक जण मात्र आधी त्या फोटोकडे बघायचा आणि मग टिटवीकडे. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

२

हे प्लगइन मला मास्तरांनी सुचवलं. मास्तर म्हणजे आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमधले निवृत्त चित्रकला शिक्षक, आम्हा सगळ्यांचे हक्काचे शंकासमाधान. मागचं सगळं धूसर होऊन माणूस उठून दिसावा, यासाठी भारी लेन्स लागते. ती ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी हे प्लगइन तशी नक्कल करतं. त्यासाठी ते आधी फोटोवरून एक अंतराचा नकाशा बनवतं. रंग नाहीत, नुसतं काळं, पांढरं आणि मधले राखाडी. कॅमेऱ्याच्या जवळ असेल ते पांढरं, लांब जाईल तसं काळपट. पांढरं म्हणजे जवळ एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं ते करतं, असं मास्तर म्हणाले.

मी त्या नकाशाच्या प्रेमातच पडलो. आमच्या प्लास्टरच्या साच्यांसारखाच तो दिसायचा, सगळा नुसता उंचसखलपणा. मी सायकलींचे, पायऱ्यांचे, जिन्यातल्या कुंड्यांचे फोटो त्यातून काढले. सगळे नकाशे चोख आले. मग कॉम्प्युटरवर समोर होता तो हॉलचा फोटो घेतला. टिटवी सोफ्यावर मांडी घालून सफरचंद खातेय आणि वर भिंतीवर तिचाच तो फ्रेमचा फोटो.

नकाशा आला. टीपॉय पांढरं, सोफा फिकट राखाडी, भिंत गडद. सगळं जिथल्या तिथे. फ्रेममधला फोटो म्हणजे शेवटी भिंतीला टांगलेला कागद, तो भिंतीइतकाच गडद आणि सपाट यायला हवा होता. पण तिथे चेहरा वर उठून आला होता. नाकाचा शेंडा पांढरा, गाल त्याच्या मागे, कान आणखी मागे, आणि ओठांच्या मधोमध, दात पडला होता तिथे, एक छोटीशी काळी खाच. तो साचा म्हणून माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यावर बिनतक्रार दात बसवून दिला असता.

आणि खाली सोफ्यावर टिटवी नव्हती. म्हणजे तिचा आकार होता, मांडी, डोकं, सफरचंद धरलेला हात. पण त्या सगळ्या आकारात भिंतीचाच गडद राखाडी रंग भरला होता, एकसारखा, सपाट. सोफ्याला मुलीच्या मापाचं भोक पाडून पलीकडची भिंत दिसावी, तसं.

३

मास्तरांना लगेच फोन केला. ते हसले. म्हणाले, अरे प्रोग्रॅमला डोळे नसतात, तो उजेड आणि सावल्या बघून अंदाज बांधतो. फोटोतल्या फोटोला तो फसणारच. आणि पोरीनं भिंतीच्या रंगाचा फ्रॉक घातला असेल, म्हणून ती भिंतीत मिसळली. फ्रॉक खरंच करड्या रंगाचा होता. मला हायसं वाटलं आणि थोडी स्वतःची लाजही वाटली.

तरी पुढच्या रविवारी मी परीक्षा घेतलीच. टिटवीला लालभडक फ्रॉक घालायला लावला, फ्रेमपासून लांब खिडकीजवळ खुर्ची मांडली, बायकोला बसवलं आणि टिटवीला तिच्या मांडीवर. भरपूर ऊन होतं. नकाशात बायको अशी सुरेख आली, की शर्टाच्या कॉलरची घडीसुद्धा मोजता यावी. तिचे दोन्ही हात पुढे येऊन एकमेकांत गुंफलेले. त्या हातांच्या कवेत मात्र सपाट, गडद राखाडी.

बायकोला दाखवलं. तिनं तिच्या धंद्यातलं ज्ञान पाजळलं. एक डोळा झाकला की चांगल्या माणसालाही अंतर कळेनासं होतं, दोन डोळे असतात ते उगाच नाही, आणि कॅमेऱ्याला तर एकच. वर म्हणाली, फुकटचं आहे ना ते, मग तक्रार कसली करतोस. मी हसलो खरा, पण ते हसू टिकलं नाही. कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी फोटो काढताना मला एकदाही 'हलू नकोस' म्हणावं लागलं नव्हतं. एरवी मी त्या पोरीच्या नावानं बोटं मोडत असतो. त्या दिवशी ती बसवली तिथे बसून राहिली होती, आणि एक शब्द बोलली नव्हती.

४

पुढचे काही दिवस मी टिटवीवर नजर ठेवून होतो. ती बोलत नव्हती असं नाही. पण तिचं बोलणं लांबून आल्यासारखं यायचं. शेजारी बसून काही सांगायची आणि मला 'काय?' विचारावं लागायचं. तिच्या बाईंनी वहीत शाबासकी दिली, आता शहाणी झाली, वर्गात आवाज करत नाही. बायकोला आनंद झाला. मला त्या शाबासकीची भीती वाटली, आणि बापानं मुलीच्या शहाणपणाला भ्यावं याचा स्वतःवरच राग आला.

जेवायला बसताना बायकोनं एकदा दोनच ताटं घेतली. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा जीभ चावून तिसरं आणलं. मग एका सकाळी मी दाढी करत होतो आणि हॉलमधून तिचा आवाज आला, आटप गं बाई, बस येईल. मी डोकावलो. बायको सोफ्यासमोर उभी राहून वर बघत बोलत होती. भिंतीकडे, फ्रेमकडे. टिटवी तिच्या मागे दप्तर घेऊन उभी होती आणि तिच्या कुर्त्याचं टोक ओढत होती. बायकोला ते कळत नव्हतं.

मी हाक मारली तेव्हा ती दचकली. कामाच्या घाईत डोकं ठिकाणावर नाही, म्हणाली. माझं तरी कुठे ठिकाणावर होतं.

५

शनिवारी टिटवीला सुटी असते आणि आम्हा दोघांना कामाला जावं लागतं, म्हणून बायको तिला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सोडून दुकानात जाते. त्या शनिवारी मी दुपारी लवकर घरी आलो. कुलूप काढून आत आलो, तर हॉलमध्ये टिटवी उभी. चपलांच्या स्टँडपाशी, खांद्याला खेळण्यांची पिशवी, एका पायात बूट, दुसरा हातात. सकाळपासून तशीच.

तिचं बोलणं ऐकायला मला गुडघ्यांवर बसून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"आई मला सोडून गेली," ती म्हणाली. "मी इथेच होते. तिनं माझ्याकडे बघून दिवा बंद केला."

मी बायकोला फोन लावला, आणि चांगलाच फैलावर घ्यायचं ठरवून लावला होता. पण पलीकडून तिचं रडूच ऐकू आलं. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की जिन्यानं वर जाताना टिटवीचा हात तिच्या हातात होता. काकूंच्या दारात तिनं तो सोडला आणि टाटा केला. फोन चालू ठेवूनच मी जिन्यात जाऊन काकूंना विचारलं, तर आज दारावर कुणी आलंच नाही, असं त्यांनी सांगितलं.

"माझ्या हातात हात होता रे," बायको म्हणाली. "गार होता. मी म्हटलंसुद्धा तिला, किती गार हात गं तुझे."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा ती फ्रेम भिंतीवरून उतरवली. कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग टिटवीला सोफ्यावर बसवून, मागे नुसती कोरी भिंत घेऊन एक फोटो काढला. त्याचा नकाशा काढला. सोफ्यावर सपाट गडद राखाडी. आणि कोऱ्या भिंतीवर, खिळा राहिला होता त्याच्या खाली, तो चेहरा. नाक, गाल, ओठ, ती खाच. आता त्याला मानही होती, आणि एका बाजूचा खांदा.

६

नकाशा चुकला, तर तो हातानं दुरुस्त करायला प्लगइनमध्ये ब्रश असतो. हव्या त्या छटेचा राखाडी घ्यायचा आणि रंगवायचं. ब्रशनं फोटोच सुधारतो, पोरगी नाही, एवढं मला कळत होतं. पण आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, हॉलमध्ये माझी मुलगी तिच्या आईलाही दिसेनाशी होत चालली होती, आणि हातात दुसरं काही नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी ती.

आधी भिंतीवरचा चेहरा भिंतीच्या रंगानं पुसला. मग टिटवीच्या आकारात सोफ्याइतका फिकट राखाडी भरला. समाधान होईना. आमच्या लॅबमध्ये दात मेणात घडवताना मेण नेहमी जरुरीपेक्षा जास्त चढवतात. जास्तीचं तासता येतं, कमी पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं तेच केलं. जास्त चढव, मग तासू. मी तिला पांढरं केलं. डोकं, हात, मांडी, फ्रॉक, सगळं शुभ्र, टीपॉयपेक्षा पांढरं, त्या फोटोतल्या कशाहीपेक्षा पांढरं. आणि तासायच्या आधी नेहमीप्रमाणे सेव्ह केलं.

"बाबा, भूक लागली."

इतका खणखणीत आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मी धावत हॉलमध्ये गेलो. टिटवी सोफ्यावर बसली होती, पाठ ताठ, मान जरा कललेली, आणि दारातून आत आलेल्या बायकोनं तिला छातीशी घट्ट धरलं होतं. बायको रडता रडता हसत होती. मीही तिथेच जमिनीवर बसलो आणि लाज न बाळगता रडून घेतलं. आपलं मूल परत मिळालं की माणूस आणखी काय करणार.

७

त्यानंतरचा आठवडा घरात आनंदाचा होता. बायकोला टिटवी दिसत होती, सापडत होती, हाक मारली की येत होती. जेवायला सांगावं लागत नव्हतं, झोपायला सांगावं लागत नव्हतं. आणि मला तिची टकळी दिवसभर ऐकू येत होती, पहिल्यासारखी, जरा जास्तच. शाळेतल्या भांडणांपासून पालीच्या शेपटीपर्यंत सगळे विषय. मी सुखावलो होतो, म्हणून इकडे माझं लक्ष गेलं नाही, की बायको तिला कधीच उत्तर देत नव्हती. एकदा बायको म्हणाली, अजून बोलत नाही रे पोरगी, धक्का बसला असेल त्या दिवसाचा, बोलेल हळूहळू. मला वाटलं, ही थट्टा करतेय.

मग एक दिवस लॅबमध्ये मी हवेचे बुडबुडे काढायच्या मशीनवर साचा धरून बसलो होतो. ते मशीन सुरू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. टिटवी त्या वेळी शाळेत होती.

"बाबा, हा दात कुणाचा?"

अगदी डाव्या कानाशी. इतक्या जवळून, की गालाला ऊब लागली. साचा माझ्या हातून पडून फुटला. मी मान वळवली. तिथे प्लास्टरची पोती आणि खिडकी होती. मी शाळेत फोन केला, तर टिटवी वर्गात आहे, अगदी शांत बसली आहे, असं बाईंनी सांगितलं.

कामाचं काहीतरी कारण सांगून मी घरी आलो आणि कॉम्प्युटर उघडला. तासायचं राहिलं होतं ना, आता तासू. फिकट राखाडी घेतला आणि त्या पांढऱ्या आकारावर ब्रश जेमतेम टेकवला. कानाशी ती काहीतरी गाणं म्हणत होती, ते एकदम माझ्या पाठीमागे गेलं. मग हॉलच्या टोकाला. मी ब्रश उचलला होता, तरी ते जातच राहिलं. भिंतीपाशी गेलं, आणि मग भिंतीच्या पलीकडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्या भिंतीच्या पलीकडे काही नाही. तिथून ती 'बाबा, बाबा' म्हणून ओरडायला लागली. मी झटकन ते रद्द केलं, आकार पुन्हा पांढरा झाला, आणि हुंदके माझ्या कानाशी परत आले. त्यानंतर त्या फाइलला हात लावायची माझी छाती झाली नाही.

८

मी बायकोला काय सांगणार होतो? मला कानात आवाज येतात असं सांगितलं, तर ती मला डॉक्टरकडे नेईल, आणि तेही योग्यच होईल. मीही तेच म्हणत होतो स्वतःला. जास्त कामानं असं होतं, मशीनच्या आवाजानं कान बिघडतात, पोरीच्या काळजीनं डोकं फिरतं. दोन दिवस मी असा स्वतःशी वकिली करत फिरलो. कानाशी टिटवी बडबडत होती, पण आता मधूनमधून थांबायची आणि विचारायची, आई माझ्याशी का बोलत नाही. मी उत्तर दिलं की बायको वळून बघायची, म्हणून मी ओठ मिटून घ्यायचो.

परवा सकाळी ऊन सरळ हॉलमध्ये आलं होतं. बायको सोफ्यावर बसून टिटवीचे केस विंचरत होती. फणी फिरवता फिरवता काहीतरी गमतीचं सांगत होती, आणि तिच्या गुडघ्यांमध्ये बसलेली ती हसली. क्षणभरच. पण दात बघणं हाच माझा धंदा आहे. वरचे पुढचे दात मला दिसले, आणि त्यांच्या मधोमध जिथे करवतीच्या काठाचा नवा दात अर्धा आलेला असायला हवा होता, तिथे काही नव्हतं. नुसती खाच.

मी जवळ गेलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि होईल तेवढ्या साध्या आवाजात म्हणालो, "टिटवे, आ कर बघू."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे बघत राहिली, मान किंचित डावीकडे. बायको म्हणाली, "आता नको रे छळूस तिला, मुकाट्यानं वेणी घालून घेतेय एवढ्या दिवसांनी." तिनं वाकून त्या डोक्याची पापी घेतली. मी बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. किती सुखात होती ती.

डाव्या कानाशी कुणीतरी नाक ओढलं.

"बाबा, आईला सांग ना," टिटवी म्हणाली, "माझीपण वेणी घालायला."